कुंदाताईची सही

म्हसवडला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, कुंदाताई का नाही आली? जाताना मी गावभर सांगून गेलो होतो की येताना बहिणीला घेऊन येणार, कायमची. तिचं तिकीटही काढलं होतं. काहींना मी तिच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं, काहींना कागदपत्रांचं. दोन्ही खोटं. खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकतो.

कुंदाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणी टँकर आला की मी घागर घेऊन पुढे घुसायचो आणि ती मागे उभी राहून रिकामी भांडी सांभाळायची. भांडण तिला जमायचं नाही. कोणी ढकललं तर ती बाजूला व्हायची. तिचं लग्न पुण्याच्या हरीशदाजींशी झालं. दाजी मेकॅनिकल इंजिनिअर. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीने त्यांना जर्मनीत एर्लांगेनला नेलं आणि ताई त्यांच्यामागे गेली. त्याला आता तीस वर्षं होतील. फोनवर विचारलं की म्हणायची, मी बरी आहे. तीस वर्षं हे एकच वाक्य.

दाजींबद्दल चांगलं लिहायचा मी प्रयत्न केला, पण जमत नाही. या माणसाने मला एर्लांगेनच्या घरात पाऊल ठेवल्यावर पाण्याच्या आधी एक कागद दिला. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा याचा. रात्री दहानंतर संडासात पाणी ओढायचं नाही, रविवारी खिळा ठोकायचा नाही, हेही त्यात होतं. जर्मन लोक एवढे नियम पाळत असतील असं मला वाटत नाही. दाजी नाकाने कांदे सोलतात, आणि तेही वजन करून.

त्यांच्यावरचा माझा राग जुना आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या लिंडेमान नावाच्या बाईने तक्रारीची चिठ्ठी टाकली की तुमच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो. दुसरा कोणी असता तर भांडला असता, नाहीतर हसला असता. दाजींनी घरात फोडणी बंद केली. तेव्हापासून ताई एक छोटी विजेची शेगडी घेऊन इमारतीच्या तळघरात जाते, तिथे फोडणी करते आणि झाकलेली कढई घेऊन तीन मजले चढून वर येते.  माझी बहीण परक्या देशात तळघरात बसून मोहरी तडतडवते, हे मी म्हसवडच्या निम्म्या लोकांना सांगितलंय.

मार्चमध्ये दाजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनं वोनमोबिल घेतलं. म्हणजे चालतं घर. गाडीतच पलंग, शेगडी, मोरी, संडास. आता एर्लांगेनचं भाड्याचं घर सोडायचं आणि दोन वर्षं या गाडीतून युरोप फिरायचा, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांनीच. पण घराचा करार दोघांच्या नावावर, त्यामुळे घर सोडण्याच्या पत्रावर, ज्याला तिकडे क्युंडिगुंग म्हणतात, ताईचीही सही लागणार होती. हे पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाला पोचलं पाहिजे, नाहीतर गाडं महिनाभर पुढे जातं. ताई म्हणाली, आधी आठ दिवस जाऊन बघू, मग सही करते.

हे कळलं तसा मी विमानात बसलो. घरच राहणार नाही तर माझी बहीण का रस्त्यावर राहील? म्हसवडला माझं मोठं घर आहे, मुलं पुण्याला, वरचा मजला रिकामा. तिने उरलेले दिवस आपल्या माणसांत काढावेत, घरात बसून हवी तशी फोडणी करावी. कोलोनला नोकरी करणाऱ्या भाचीला, अवनीला, मी फोन करून माझ्या बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं. ताईने अर्थ सांगितला: तुमचं तुम्ही बघा. मग मी त्या आठ दिवसांच्या सहलीत जबरदस्तीने घुसलो. दाजींचं पत्र गाडीच्या खणात होतं आणि मी काढलेलं ताईचं तिकीट माझ्या पिशवीत. बघू कोण जिंकतो ते.

सहलीच्या चौथ्या दिवशी, जूनच्या शेवटच्या रविवारी, आम्ही पूर्वेकडच्या एका लहानशा गावात होतो. पोलंडची हद्द तिथून जवळ. या गावाशेजारी वाळवंट आहे म्हणून दाजींनी ते यादीत घातलं होतं. जर्मनीत वाळवंट! मला वाटलं होतं थट्टा करतायत. गावाबाहेर अशा गाड्यांसाठी एक वाळूचं मैदान होतं. तिथे आमची गाडी आणि एक गंजकं पाण्याचं यंत्र, दोघंच. यंत्रात नाणं टाकलं की टाकी भरायला पाणी मिळतं. त्यावर कागद चिकटवला होता: बंद आहे.

सकाळी मी आंघोळ केली आणि भांडणाला तोंड फुटलं. गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी. दाजींच्या हिशेबाने माणशी रोज सात लिटर. मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौतीस वर्षं काढली आहेत. सरकारी मानक खेड्यालासुद्धा माणशी पंचावन्न लिटर आहे. उन्हाने अंग चिकट झालेलं, मी नीट डोक्यावरून आंघोळ केली, दोन कपडे धुतले, आणि शेवटी नळाने खाकरून हवा सोडली.

बाहेर दाजी हातात वही घेऊन उभेच होते. सगळं पाणी संपवलंत, म्हणाले. मी म्हणालो, दाजी, दुष्काळी तालुक्यात आयुष्य गेलं माझं, पाणी मला शिकवू नका. ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणूनच आश्चर्य वाटतं. हे त्यांनी इतक्या थंडपणे म्हटलं की मला त्यांची वही त्या वाळूत पुरावीशी वाटली. ताई दाराच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. दुसरीकडच्या यंत्रावर चौदा किलोमीटर जायचं, पण दुपारनंतर, कारण वेळापत्रकात आधी गाव होतं आणि मग वाळवंट. निघालो.

गाव बघायला म्हणून गेलो, पण गावच आमच्याकडे बघत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि पडदे मात्र हलतायत. रेल्वे स्टेशन बंद पडलेलं, रुळांत बाभळीएवढी झाडं उगवलेली. चौकातल्या एका माणसाने खिशातून फोन काढून सरळ आमचा फोटो घेतला आणि फोन परत खिशात ठेवला. बेकरीत आमचा नंबर होता, पण काउंटरवरची बाई आमच्या मागून आलेल्या दोघांना आधी विचारून मोकळी झाली. दाजींनी तिला अगदी व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये रांगेचा नियम समजावून सांगितला. तिने त्यांच्याकडे न बघता फडक्याने काउंटर पुसला. मग ताई पुढे झाली आणि हळू आवाजात दोनच शब्द बोलली. बाईने पाव पिशवीत घातले. मी त्या वेळी त्यात काही विशेष पाहिलं नाही. मी दाजींची फजिती बघण्यात गुंग होतो.

वाळवंट गावापासून अर्ध्या तासावर होतं. लाकडी मनोऱ्यावर चढलो. समोर झाडांच्या मधोमध पिवळट, भकास पट्टा. माण तालुक्यातल्या माणसाला हे काय दाखवता? आमचं माळरान यापेक्षा मोठं आहे आणि त्यासाठी मनोऱ्यावर चढावं लागत नाही. दाजी सांगत होते की हे निसर्गाचं नाही, लष्कराने वर्षानुवर्षं रणगाडे फिरवून फिरवून जमीन सोलून काढली, म्हणून पुन्हा काही उगवलं नाही. आत जायला बंदी, कारण न फुटलेले बॉम्ब. मी म्हणालो, म्हणजे इथल्या लोकांनी वाळवंटसुद्धा कारखान्यात तयार केलं. दाजींना हे आवडलं नाही, म्हणून मी ते दोनदा म्हणालो.

ताई खाली पाटी वाचत होती. या लष्कराच्या जागेत पूर्वी एक गाव होतं, ते उठवलं, असं तिने सांगितलं. लोकांना चौदा दिवस दिले होते. किती घरं, काय, असं तिने दाजींना विचारलं. दाजी म्हणाले ते महत्त्वाचं नाही, क्षेत्रफळ महत्त्वाचं आहे. ताई पुन्हा पाटीकडे वळली आणि आम्ही हाक मारेपर्यंत तिथेच उभी राहिली.

बारा वाजता गाडीपाशी आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. दाजी आत जाऊन आडवे झाले. तिकडे दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते, तीन वाजता पाण्याला निघू म्हणाले. ताईला चहा हवा होता आणि गाडीत थेंब नाही. तीनपर्यंत मी कशाला थांबतोय? पाणी कुठेतरी असतंच, शोधणारा पाहिजे. मी पाय मोकळे करायला म्हणून निघालो.

पाचेक मिनिटांवर एक उंच कुंपण लागलं, त्याला मागच्या बाजूने लहान फाटक. आत काय बघतो, सुरेख बाग. एकसारखे लहान लहान वाफे, प्रत्येकाला कडेने दगड, मधे लाल-पांढरी फुलं, आणि वाफ्याच्या डोक्याशी मालकाच्या नावाचा गुळगुळीत दगड. आदल्याच दिवशी दाजींनी माझं डोकं खाल्लं होतं की इकडे लोक गावाबाहेर बागेचे तुकडे भाडेपट्ट्याने घेतात आणि सुट्टीत तिथे भाज्या-फुलं लावतात. हेच ते, मी ओळखलं. नावाखाली दोन-दोन सालं कोरली होती. पट्ट्याची मुदत. एकाची एकोणीसशे एकतीस ते दोन हजार नऊ. मी मनात म्हणालो, वा, एवढा लांब पट्टा आमच्या नगरपरिषदेत कोणी दिला असता तर चौकशी लागली असती.

फाटकाजवळ एक मोठी टाकी, तिला नळ, आणि शेजारी खुंट्यांवर हिरव्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या. वर एक पाटी होती, पण ती जर्मनमध्ये. मी नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, चव घेतली. बोअरचं, थोडं लोखंडी, पण गार आणि स्वच्छ. चौतीस वर्षांचा अनुभव आहे, पाणी जिभेला कळतं. दोन झाऱ्या घेतल्या आणि पाच खेपा करून शंभर लिटर गाडीत भरलं. शेवटच्या खेपेला टाकीचा नळ बारीक झाला होता. मला त्यात वावगं वाटलं नाही. नळ बारीक झालेले मी जन्मभर बघितलेत.

ताईने चहा केला, भात टाकला, बटाट्याचा रस्सा केला, फोडणीशिवाय, कारण गाडीच्या गाद्यांना वास लागतो. दाजी उठून बसले, पाणी कुठून आणलं विचारलं. मी म्हणालो, तुमच्या त्या पट्ट्याच्या बागांतून. हो, तिथे असतो नळ, असं म्हणून ते दोन कप चहा प्यायले. मी शांतपणे ताईसमोर तिकीट ठेवलं. दाजींनी खण उघडून पत्र काढलं आणि तिकिटाशेजारी ठेवलं, वर पेन. उद्या सकाळी टाकलं तरच गुरुवारपर्यंत पोचतं, म्हणाले. ताईने दोन्हीवर ताटली पालथी घातली आणि ती भांडी घासायला लागली.

तेवढ्यात बाहेर सायकल थांबली. सत्तरीच्या पुढची एक बाई, सोबत नगरपालिकेच्या कपड्यातला एक आडदांड माणूस. बाईने गाडीच्या चाकाशी ठेवलेल्या हिरव्या झाऱ्यांकडे बोट दाखवलं आणि ती बोलायला लागली. जर्मन मला येत नाही, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. पुढचं सगळं मला नंतर दाजींनी सांगितलं, आणि एवढं मात्र मान्य करतो की त्यांनी स्वतःच्या विरुद्धचंही काही गाळलं नाही.

ती बाग नव्हती. ते गावाचं कबरस्तान होतं. या उन्हाळ्यात भागात पाणीबंदी, त्या टाकीत रोज सकाळी मोजून पाणी येतं, आणि संध्याकाळी लोक आपापल्या माणसांच्या कबरींवरच्या फुलांना ते घालतात. मी आख्खी टाकी उपसली होती.

दाजी खाली उतरले, शर्ट नीट केला आणि माझ्याकडे हात करून बोलले. ते काय बोलले तेही त्यांनीच सांगितलं: हा आमच्यातला नाही, भारतातून आलेला पाहुणा आहे, तिकडे कुठलं पाणी कुणाचं हे लोक बघत नाहीत, मी स्वतः तीस वर्षांत इथला एकही नियम मोडलेला नाही, दंड असेल तर नोंद त्याच्या नावावर करा. त्या वेळी मला त्यातलं फक्त ‘इंडिएन’ कळलं, पण त्यांचा हात ज्या पद्धतीने माझ्याकडे झाला ते पुरेसं होतं.

मग ताई ओल्या हातांनी खाली आली. मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, माझ्या भावाला मी पाठवलं. पाणी मी वापरलंय. उरलेलं परत आणून घालते, कबरी तुम्ही दाखवा. म्हातारीने विचारलं, तुला काय कळतं त्यातलं? ताई म्हणाली, तीन वर्षं एका बाईच्या कबरीला एक दिवसाआड पाणी घालते. तिला दुसरं कोणी नाही.

हे ऐकून दाजींनाही धक्का बसला असावा, पण कशाचा ते त्यांनी सांगितलं नाही. ताईने गाडीच्या नळाखाली दोन झाऱ्या भरल्या आणि म्हातारीच्या सायकलमागून चालायला लागली. तो माणूस आमच्या गाडीच्या नंबरचा फोटो घेऊन गेला.

राहिलो आम्ही दोघं.  स्मशानातलं पाणी! ते मी प्यालो होतो, त्याचा भात खाल्ला होता. आमच्याकडे स्मशानातून आलं की दारात आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाहीत, आणि मी शंभर लिटर घरात ओतलं होतं. मी दाजींना म्हणालो, हे पाणी एक क्षण गाडीत ठेवायचं नाही. आणि आश्चर्य म्हणजे दाजी म्हणाले, गेनाऊ. पिण्याचं पाणी नाही असं तिथे लिहिलेलं असणार, टाकी रिकामी करून औषधाने धुतली पाहिजे, गाडीच्या पुस्तकात तसं दिलंय. आठवडाभरात आमचं पहिल्यांदा एकमत झालं. मी शास्त्राने आलो होतो, ते पुस्तकाने.

ताईने दोन झाऱ्या नेल्या, म्हणजे तो विषय मिटला असं आम्ही धरलं. दाजींनी गाडीखाली टाकीची चावी कुठे आहे ते दाखवलं. सोडली मी. पाणी सोडणं हे माझं चौतीस वर्षांचं काम. जाड धार वाळूवर पडली आणि वाळूने ती लगेच पिऊन टाकली. आम्ही दोघं शेजारी उभे राहून बघत होतो. दाजींनी मला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली.

धार बारीक होत आली तेव्हा ताई परत आली, दोन्ही हातांत रिकाम्या झाऱ्या. मागे म्हातारी. ताईचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिने वाळूवरचा ओला डाग पाहिला, मग चावी, मग आम्हाला.

“भास्कर, चावी बंद कर.”

मी केली. आत काही उरलं नव्हतं.  म्हातारीने त्या डागाकडे पाहिलं, सायकल वळवली आणि ती गेली. मला तिच्या शिव्या चालल्या असत्या.

“तिच्या नवऱ्याची कबर राहिली होती,” ताई म्हणाली. “एवढीच राहिली होती. आणि पलीकडच्या दोन.”

मी स्मशान, सुतक असं काहीतरी बोलायला लागलो. दाजी औषधाबद्दल बोलायला लागले. ताईने झाऱ्या खाली ठेवल्या.

“दुष्काळी तालुक्यातला ना तू? नळ उघडा ठेवला म्हणून लोकांची कनेक्शनं तोडलीस ना? आणि अहो, तुम्ही. सात लिटर, सात लिटर. चार दिवस मी तोंड धुताना मोजतेय.”

 मग दाजींनी विचारलं, ती कबर कुणाची? हे त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, जणू एखादा खर्च त्यांना न सांगता झाला होता.

“लिंडेमानबाईंची.”

“पण त्यांनी तर आपली तक्रार केली होती.”

“केली होती. मी तळघरात फोडणी करायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भांडायला खाली आल्या. मी बटाटेवड्याचं सारण करत होते, एक वडा तळून दिला. मग रोज खुर्ची घेऊन यायच्या. आत्ताची शेगडी त्यांनीच आणलेली आहे. जर्मन मला त्यांनी शिकवलं, तुमच्या क्लासने नाही. वर्षानुवर्षं ती बाई माझ्याशी बोलत बसायची, आणि तुम्हाला वाटायचं मी खाली एकटी असते.” मग ती माझ्याकडे वळली. “तुलाही तेच वाटायचं. सगळ्या गावाला सांगत फिरलास. मला विचारायचंस तरी.”

मी म्हणालो, मी दर फोनला विचारायचो, कशी आहेस म्हणून. ती म्हणाली, आणि मी बरी आहे म्हणायचे. मी बरीच होते.

ती आत गेली. ताटलीखालचं पत्र आणि तिकीट तिने उचललं. मला वाटलं फाडणार. तिने तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, रद्द कर, काहीतरी परत मिळेल. पत्र दाजींना दिलं. त्यांनी सहीची जागा बघितली. कोरी होती. ते म्हणाले, कुंदा, उद्या टाकलं नाही तर महिना जाईल. ती म्हणाली, तुम्ही फिरा. तुमची हौस आहे, फिरा दोन वर्षं. घर राहील, मी आहे तिथे. दाजी म्हणाले, दोघांचं ठरलं होतं. ती म्हणाली, दोघांचं काय ठरलं होतं ते एकदा आठवून बघा, मी पण बघते.

तिने लहान बॅग भरली. मग फोन लावला आणि जर्मनमध्ये बोलली. रविवारी त्या गावात बस येत नाही, फोन करून बोलवावी लागते. दाजींनाही हे माहीत नव्हतं. तिने सकाळी स्टेशनजवळच्या फलकावर वाचलं होतं. मी म्हणालो, ताई, मी येतो तुझ्याबरोबर एर्लांगेनला. ती म्हणाली, नको, चार दिवस झालेत, मला आधी तिकडे पाणी घालायला जायचंय, आणि आता मला कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये. तिचा आवाज रागाचा होता. तो राग मी पासष्ट वर्षांच्या बहिणीत पहिल्यांदा बघत होतो, आणि मला तिची भीती वाटली.

पाच वाजता एक छोटी पांढरी बस आली. सकाळचा फोटो काढणारा माणूसच ती चालवत होता. त्याने आमच्याकडे बघून तोंड फिरवलं, मग उतरून ताईची बॅग घेतली आणि आत ठेवली. ताईने खिडकीतून हात केला नाही. तिने त्या हिरव्या झाऱ्या तेवढ्या जागेवर टांगून यायला सांगितलं, एवढंच.

झाऱ्या मी नेल्या. म्हातारी त्या मागच्या फाटकाशी एका कबरीपुढे उभी होती. मी झाऱ्या खुंटीवर अडकवल्या, तिने मान वळवली नाही. मी आता दगडावरची सालं नीट वाचली. एकोणीसशे एकतीस ते दोन हजार नऊ. फुलं माना टाकून होती.

परत आलो तर दाजी खुर्चीत बसले होते, वही मांडीवर. गाडीखालची वाळू एव्हाना सुकली होती, डाग कुठे होता तेही कळत नव्हतं. माझं विमान गुरुवारी होतं, म्हणजे अजून चार दिवस या माणसाबरोबर याच गाडीत काढायचे होते, आणि त्यालाही तेच. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. 

“सोडून दिलं ते साठ लिटर होतं, भास्करराव,” दाजी वहीकडे बघत म्हणाले. “कुंदाचे आठ दिवस. आणि वर चार लिटर.”

मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. हिशेब बरोबर होता. मग आम्ही उठलो आणि चौदा किलोमीटरवर पाणी आणायला गेलो.